गोड रक्त

खट्. किटलीचं बटण आपोआप वर आलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. लॅपटॉपवरचा सिनेमा संपून बराच वेळ झाला होता, तरी अनाहेरा पडद्याकडेच बघत होती. समोर मर्वकाका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, निकालाच्या दिवशी पोर बसतं तसा. स्वतः काढलेल्या ‘मुडद्यांची डेअरी’ या भयपटाचा दुसरा भाग त्याने सगळ्यांत आधी तिला दाखवायला आणला होता. शनिवारी तो गावच्या हॉलमध्ये लागायचा होता.

“बोल की पोरी. आपटला ना?”

“आतडी झकास आहेत,” ती म्हणाली. “मागची खाटकाकडची होती, दुपारनंतर वास मारायची. कुऱ्हाडही बरोब्बर बसते. रक्त मात्र पांचट, काका. नळ फुटल्यासारखं उडतं नुसतं. आपलं कसं, दमानं ओघळायचं.”

“आता रक्त काँप्युटरवर करतात गं. कोण ढवळत बसतंय!”

ढवळायची ती. तेव्हा सात वर्षांची होती. पहिल्या भागाचं सगळं रक्त याच शेगडीवर शिजलं होतं. गोल्डन सिरप, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. चमचा चाटून चाटून तिचे दात महिनाभर लाल होते. तिचा बाबा मानू आठवडाभर दुधाचा टँकर चालवायचा आणि रविवारी मर्वसाठी मरायचा. बंद पडलेल्या लोण्याच्या कारखान्यात, सिमेंटच्या ओट्यावर. एकदा नाकावर गांधीलमाशी बसली तरी पठ्ठ्या हलला नाही. पण मग रक्ताचा पाक गालावरून ओघळत ओठाशी आला, आणि मेलेल्या मानूची जीभ हळूच बाहेर येऊन तो चाटून गेली.

“मेलास ना रे तू?” मर्व ओरडला होता.

“मेलोय! पण उपाशी मेलोय!”

पुन्हा घ्यायला रीळ उरलं नव्हतं. जीभ सिनेमात तशीच राहिली. अजूनही दरवर्षी हॉलमध्ये तो सिनेमा लागतो, आणि त्या जागी अख्खं गाव एका सुरात ओरडतं, “जीभ!” अनाहेराच्या लेकीला, टुईला, त्या सिनेमातलं तेवढंच ठाऊक. बाकीचं बघायचं तिचं वय नाही. कोरोच्या, म्हणजे आजोबाच्या मांडीवर बसून ती तेवढाच तुकडा बघायची. हात टाळीसाठी आधीच वर. जीभ बाहेर आली की टाळ्यांचा कडकडाट. “पुन्हा, कोरो! पुन्हा!”

गेल्या हिवाळ्यात मानू गेला. या वेळी खरोखरचा. रीतीप्रमाणे मराएच्या, म्हणजे गावकीच्या आवारातल्या, सभाघरात शवपेटी उघडी ठेवली होती. भोवती माणसं रडत होती, गात होती, त्याच्या गोष्टी सांगून हसतही होती. टुई पेटीच्या कडेला बसली ती उठेचना. जेवायला हाक मारली तरी नजर कोरोच्या तोंडावरच.

“किती माया गं लेकराची,” मावशा म्हणाल्या, आणि पुन्हा रडल्या.

“आणि यातला मानू? तो कसा वाटला?” मर्वने आता विचारलं.

हाच प्रश्न ती मघापासून टाळत होती. जुन्या फिती आणि फोटो जुळवून मर्वने मानूला काँप्युटरवर पुन्हा उभा केला होता. दुसऱ्या भागात तो दाराशी येतो, टोपी मागे सारतो, एक फालतू विनोद करतो, आणि त्याच ओट्यावर कोसळून मरतो.

“तू नको म्हण, आजच कापून टाकतो,” मर्व म्हणाला. “पण एक सांगू? लोकांसाठी नाही केलं गं ते. मला त्याला एकदा भेटायचं होतं.”

 मग तो उगाचच उठून कपात चहाच्या पिशव्या टाकू लागला.

अनाहेराने तो तुकडा परत लावला. टोपी सारायची ढब तीच. हसताना गालाला पडणारी घडी तीच. तरी काहीतरी कमी होतं. पहिला भाग तिला तोंडपाठ होता, पण नेमकं काय कमी आहे ते काही सापडेना. खरं तर तिला ते सापडायला नकोच होतं. बाबा या स्वयंपाकघरात परत आला होता. शनिवारी अख्ख्या गावाला भेटला, तर बिघडलं कुठे?

“काका,” ती म्हणाली, “बाबाला राहू...”

दार करकरलं. दुपारची झोप अर्धी टाकून टुई आली होती, पांघरूण फरफटत.

“कोरो!”

अनाहेराने लॅपटॉप मिटायच्या आत ती मांडीवर चढलीसुद्धा. पडद्यावर मानू ओट्यावर निपचित पडला होता. पातळ रक्त गालावरून ओठांशी आलं होतं. टुईने टाळीसाठी दोन्ही हात वर धरले.

तुकडा संपला. हात वरच.

“पुन्हा,” ती म्हणाली. या वेळी हळू.

मर्वने पुन्हा लावला. टुई कोरोच्या तोंडाकडे बघत राहिली, पापणी न हलवता. ही नजर अनाहेराने आधी पाहिली होती. मराएमध्ये, पेटीच्या कडेला. त्या वेळी तिलाही ती नुसती माया वाटली होती.

टुईचे हात खाली आले.

“त्या पेटीत पण नाही काढली,” ती म्हणाली. “इथे पण नाही. आई, कोरो आता जीभ का नाही काढत गं?”