नाव घेतल्याशिवाय

हे लिहिणारच नव्हतो. कारण चूक माझी होती.

पडद्यावर वीस काळे चौकोन. वीस वाड्यांतले वीस पहारेकरी. गुरं-मका सांभाळत ज्वालामुखीवर नजर ठेवतात, काही दिसलं-ऐकलं की वायरलेसवर खबर देतात. माईरा राजधानी कितोहून नवीनच आलेली, त्यांना ऑनलाइन शिकवायला. आठवडाभर खपून तिने सगळं रचलं होतं. राखेचे फोटो, आवाज ओळखायचा खेळ, मध्येमध्ये प्रश्न. मी, इथला वायरलेसवाला, शेजारी बसून कॉम्प्युटर सांभाळत होतो.

"हा आवाज कशाचा? कोण सांगतं?"

कोणीच नाही.

"चुकलं तरी चालेल हं!"

चौकोन गप्प. माईराच्या मानेवर घाम. मागे इंजिनियर बाल्सेकासाहेब हाताची घडी घालून उभे. वायरलेस माणसांकडे ठेवायचे की काढून घेऊन नुसती यंत्रं बसवायची, ते आज ठरणार होतं.

"शिकवताना बोलत नाहीत," साहेब म्हणाले, "डोंगर फुटल्यावर काय बोलणार?"

माईराने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला वाटलं होतं, तिला कोणीतरी सांगितलं असेल.

"नाव घे," मी कुजबुजलो. "वायरलेसवर रोज हजेरी होते, तिथे नाव घेतल्याशिवाय कोणी बोलत नाही. सगळे एकदम बोलले तर खबर अडकते. गप्प नाहीत ते, कान लावून बसलेत."

"हे आत्ता सांगतोस, गाढवा?"

तिने यादी ओढली. "एलिसेओकाका?"

"हजर, बाई. दगड गडगडल्याचा आवाज. कधीचं सांगायचं होतं, तुम्ही विचारलंतच नाही."

"ओल्मेदो?"

"दगडच. आणि बाई, तुमचा तिसरा फोटो उलटा लागलाय. आमचा डोंगर अजून सरळ उभा आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी हाताची घडी सोडली.

"कार्मेलिनामावशी?"

काही नाही. माईराने परत हाक मारली. मग तिसऱ्यांदा. मावशीचं नाव पडद्यावर होतं, आवाज नव्हता.

"एक गैरहजर," साहेब म्हणाले.

"नाही साहेब." एलिसेओकाकांचा आवाज बदलला होता. "नाव घेतलं आणि बोलली नाही, म्हणजे काहीतरी झालंय. मी खालून निघतो. ओल्मेदो, तू घळीकडून ये."

"निघालो."

"अहो, ट्रेनिंग चालू आहे!" साहेब ओरडले.

पलीकडे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. बाकीचेही फोन सोडून वायरलेसवर गेले. चौकोन एकेक करून नाहीसे झाले. मावशीचा तेवढा उरला.

साहेब खिडकीशी गेले. डोंगर ढगात होता. वीस मिनिटं गेली.

मग टेबलावरचा वायरलेस खरखरला. "एलिसेओ बोलतोय. कार्मेलिना ठीक आहे. गाय विताना अडली होती, हिचे दोन्ही हात आत. म्हणते, बाईंना सांगा, दगडच. मी ऐकलं होतं."

साहेबांनी वही मिटली. "यांची हजेरी रोज किती वाजता असते?" त्यांनी विचारलं.

माईराने यादीच्या शेवटी एकविसावं नाव लिहिलं. स्वतःचं. ती घळीपलीकडे एकटी राहते.

"मी बोलले नाही तर?"

"येईन," मी म्हटलं. "गाढव असलो तरी येईन."