गुडघ्यांची साक्ष

आमच्या केंटकीतल्या छोट्याशा बॅप्टिस्ट चर्चमध्ये या रविवारी पास्टर प्रुइट भयंकर तापले होते. "सांधेदुखीवर म्हणे सीबीडी तेल! गांजाच्याच जातीचं झाड ते. बाटलीत काय भरतात देव जाणे, आणि तुम्ही ते खुशाल जिभेखाली टाकता? अरे, हे शरीर म्हणजे देवाचं मंदिर आहे!"

माझ्या शेजारी बसलेली म्हातारी व्हर्ना सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हणाली.

मग मंडळींच्या या पापाची क्षमा मागायला पास्टर स्वतःच व्यासपीठावरून खाली आले. गुडघेदुखीमुळे गेली काही वर्षं ते खुर्चीत बसूनच प्रार्थना करायचे. आज मात्र आवेशाच्या भरात त्यांनी धाडकन गुडघे टेकले, डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली आणि कशाचाही आधार न घेता टुणकन उठून उभे राहिले.

अख्खं चर्च त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिलं. पास्टरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

व्हर्नाने मला काठीने ढोसलं आणि कानात पुटपुटली,

"अगं, कुठल्या दुकानातून आणतात ते विचार ना! माझ्या बाटलीने अजून मेला जिनासुद्धा चढवत नाही."