शेवटची कडी

शेवटची कडी तेवढी झाळायची राहिली होती. चिमट्यात पैंजण धरून गिरिधरराव ज्योतीसमोर बसले होते. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाचा हात पाच महिन्यांत इतका बसलेला पाहून कुणीही शाबासकी दिली असती. गिरिधररावांना मात्र ती कडी झाळायचीच नव्हती.

कडी झाळली की जोड पुरा. जोड पुरा झाला की तो न्यूझीलंडला नातीकडे जाणार. आणि मग उद्या सकाळी काय सांगून या चांदीकामाच्या पट्टरैत, या कारखान्यात, येऊन बसायचं, हे त्यांना काही केल्या सुचत नव्हतं. शिकायला आलेला माणूस शिकला की त्याने घरी जायचं असतं, आणि घर तर दिवस उजाडल्यापासून खायला उठायचं.

टाकणखार फुलला, चांदी लालसर झाली, झाळ सांध्यात उतरली. इथे ज्योत बाजूला घ्यायची असते. गिरिधररावांनी दोन श्वास उशीर केला. कडी आक्रसून तिचा मोहरीएवढा गोळा झाला, शेजारच्या दोन कड्याही गेल्या.

"गेलं," ते तमिळमध्ये म्हणाले. चेहरा शक्य तितका पडेल ठेवला.

पट्टरैचे मालक स्वामीनाथ आसारी समोर बसून आडुतुरै गावच्या कुणाची तरी जोडवी घासत होते. मान वर न करता ते म्हणाले, "तीन कड्या बदला, सार. दुपारच्या आत होईल."

"नको. साखळीच मुळात नीट बसली नव्हती. वितळवतो पुन्हा."

"पाचव्यांदा?"

एक कडी बिघडली म्हणून अख्खं पैंजण मुशीत टाकणारा शिकाऊ अजून कुंभकोणमात जन्मला नव्हता. गिरिधरराव टाकत होते.

आसारींनी जोडवी खाली ठेवली. "चूक दर वेळी शेवटच्याच कडीला होते, सार."

साठी बुद्धी नाठी, असं आमच्यात म्हणतात, हे गिरिधररावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते मराठीतच गोड लागतं, आणि मराठीत हसणारं गावात आता कोण उरलं होतं? त्यांनी नुसतंच हसून बिघडलेलं पैंजण मुशीत टाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. न्यूझीलंडहून मुलगी होती, श्रीविद्या, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात मुरलेल्या घरच्या मराठीत.

"अप्पा, काफी प्यालांत की?"

"प्यालों. तू बोल."

"ते पैंजण पाठवलं नाहीत न्हवं? नक्को पाठवूं. जननीचा पाय मोठा झाला. अणी इकडे इस्कूलांत तसलं घालूं देत नाहींत. तुम्ही कां येवढं कष्ट घेतांत, अप्पा? डोळे संभाळा."

"बरं. जननीकडे दे की जरा."

"ती खेळायला गेली. मग बोलूं, अप्पा."

फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो थोडा वेळ कानालाच धरून ठेवला. आसारींना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, एवढंच एक बरं होतं.

"मुलगी काय म्हणते, सार?"

गिरिधररावांनी ज्योतीकडे पाहिलं. मग आपण बसत होतो त्या चटईकडे. तिच्यावर त्यांच्या मांडीचा खळगा पडला होता. खरं सांगितलं तर आत्ताच चप्पल घालून निघावं लागणार होतं. घड्याळात अकराही वाजले नव्हते.

"नातीचा पाय वाढलाय म्हणे," ते म्हणाले. "माप मोठं करा म्हणाली."

ते उठले, खिळ्याला टांगलेलं जोडातलं पहिलं, झालेलं पैंजण काढलं आणि तेही मुशीत टाकलं. किती सुरेख उतरलं होतं ते! टाकताना त्यांना मनापासून वाईट वाटलं.

आसारींनी मुशीकडे पाहिलं. मग त्यांनी फळीवरून दोऱ्याचं रीळ काढून पुढे केलं. "किती मोठं?"

आता आली पंचाईत. नातीचा पाय गिरिधररावांनी हातात धरला होता तो एकदाच, बारशाला. तेव्हा तो त्यांच्या अंगठ्याएवढा होता. त्यांनी दोरा ओढला, बोटाभोवती अंदाज घेऊन गाठ मारली. सोडली. जरा पुढे मारली. तीही सोडली आणि दोरा आणखी ओढला.

"नात केवढी आहे, सार?"

"चार वर्षांची."

"हे तर नवरीच्या पायाचं माप झालं."

गिरिधररावांनी तिथेच गाठ आवळली.

"जोड पुरा होईपर्यंत होईल ती तेवढी," ते म्हणाले.