पेटीतला गळा

"नको, हा नको," शरच्चंद्र वकील म्हणाले. "तंबूतल्या सिनेमासारखा गरजतोय नुसता. घरातली मुलगी समोर बसून गातेय असं वाटायला हवं."

महिपतनं मोठा स्पीकर उचलून भिंतीशी ठेवला. तो महाडच्या पेठेत रेडिओ दुरुस्त करायचा. वकिलांच्या बैठकीच्या खोलीत सकाळपासून तीन स्पीकर वाजवून झाले होते. एक घुमायचा, एक नाकात बोलायचा आणि हा तिसरा असा.

"आता ह्यो ऐका. जुन्या रेडिओतला हाय. लहान हाय, पण आवाजात खोट नाय."

टेपरेकॉर्डरची चाकं फिरली आणि खोलीत विनीता गायला लागली. दारात उभ्या असलेल्या चारुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

आवाज त्यांच्या लेकीचाच होता, पण दोन वर्षांपूर्वीचा. वकिलांनी हौसेनं मुंबईहून मशीन आणलं, तेव्हा तिनं पेटीवर म्हटलेलं भजन टेप केलं होतं. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि गळा गेला तो गेलाच. आता ती बोलली तर शेजारच्यालाही धड ऐकू यायचं नाही. तेवढ्यावरून दोन स्थळं हातची गेली होती. आणि या तिसऱ्या स्थळाच्या, पोलादपूरच्या आनंदीबाईंनी तर पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, 'आमच्या बाळला गाण्याचं वेड आहे. मुलीचं गाणं ऐकल्याशिवाय काही ठरवणार नाही.' पुढच्या रविवारी मंडळी येणार होती.

"बाबा, हे खोटं आहे," विनीता पुटपुटली. त्यांना कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागला.

"आवाज तुझाच ना? मग खोटं कसलं?" वकील गुरकावले. कोर्टात समोरच्यानं असला मुद्दा काढला असता तर त्यांनीच त्याची फजिती केली असती.

महिपतनं पेटी उघडली, आतले पितळी सूर उपसून बाहेर काढले आणि त्या जागी लहान स्पीकर बसवला. तार जाजमाखालून माजघरात नेली. तिथं तो मशीनपाशी बसणार आणि चारुशीलाबाईंनी बांगड्या वाजवल्या की बटण दाबणार. आठवडाभर तालीम चालली. विनीता भाता हलवायची, पट्ट्यांवर बोटं फिरवायची आणि शब्दाला शब्द जुळवून ओठ हलवायची. रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, ते वेगळं.

"दुसऱ्या कडव्यात टेप तुटली व्हती, ती चिकटवलीय," महिपत म्हणाला. "तेवढी टिकली पायजे."

"टिकेल. न टिकून सांगते कुणाला!" वकील म्हणाले.

रविवारी दुपारी पोलादपूरची एसटी आली. वकील स्वतः स्टँडवर गेले. बाळ उंच, नीटनेटका. सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. रस्ता ओलांडताना मागून ट्रकनं केवढ्यानं हॉर्न दिला, पण गडी आपल्याच नादात. आनंदीबाईंनी दंड धरून त्याला बाजूला ओढलं.

"तंद्री लागते हो त्याला," त्या हसून म्हणाल्या. "डोक्यात सतत काहीतरी गाणं चालू असतं."

वकील मनात म्हणाले, अस्सल दर्दी दिसतोय हा!

पोहे झाले. विनीता पेटीमागे येऊन बसली.

"गाण्याशिवाय आणखी काय आवडतं गं तुला?" आनंदीबाईंनी विचारलं.

विनीतानं ओठ हलवले. शब्द काही बाहेर आला नाही.

"फार लाजते हो," चारुशीलाबाई घाईनं म्हणाल्या.

"रांगोळी? वा!" बाळ खणखणीत आवाजात म्हणाला. "माझंही काम रेघांचंच."

वकील नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. विनीताच्या शेजारी बसलेल्या तिच्या आईला ऐकू आलं नाही, ते यानं समोरच्या भिंतीशी बसून ऐकलं? काय तिखट कान म्हणायचे! माजघरातल्या मशीनची घरघरसुद्धा पकडेल हा. आणि बघत होता तोही थेट विनीताच्या ओठांकडे. एक शब्द मागेपुढे झाला की अब्रू गेली, आणि पोरीचं लग्नही.

पण आता माघार नव्हती. चारुशीलाबाईंनी बांगड्या वाजवल्या.

पेटीतून सूर उमटले आणि मागोमाग विनीताचा गळा. पहिलं कडवं निर्विघ्न पार पडलं. बाळ मान डोलवत होता. आनंदीबाईंचा हात त्याच्या गुडघ्यावर हलकेच ठेका देत होता. मायलेक दोघंही जाणकार! वकिलांच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला.

दुसरं कडवं सुरू झालं. त्यांनी जाजमाची कड मुठीत धरली.

माजघरात फटकन आवाज झाला आणि पेटी मुकी झाली.

आठवडाभराच्या सवयीनं विनीताची बोटं चालतच राहिली. ओठही हलत राहिले. मागच्या विहिरीवर कुणीतरी रहाट ओढत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. वकिलांनी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. आपल्या हातानं पोरीचं वाटोळं केलं आपण.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. आनंदीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. ठेका थांबवून त्या मुलाचा गुडघा दाबत होत्या, पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

बाळचं तिकडे लक्षच नव्हतं. विनीताच्या हलत्या ओठांवरची नजर न काढता तो अजून डोलत होता.

"वाहवा!" तो म्हणाला. "काय स्वच्छ आवाज आहे! थांबू नका, गात राहा."