तीन महिन्यांची साखर

“आजी, खरं सांगायचं हं. चोरून काय खाता?”

डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद टेबलावर फिरवून सासूबाईंपुढे सरकवला. तीन महिन्यांची साखर मागच्या खेपेला सात होती, ती आता साडेनऊवर गेली होती. चष्म्याशिवाय त्यांना आकडा दिसत नव्हता, पण डॉक्टरांचा चेहरा दिसत होता.

“काही नाही हो. ही देते तेवढंच खाते. विचारा हिला.”

शेजारच्या खुर्चीतल्या सुनेनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“इंजेक्शन दर रविवारी घेता? न चुकता?”

“एक रविवार चुकलेला नाही. हीच टोचते. हात इतका हलका आहे हिचा, कळतसुद्धा नाही.”

हात हलका होता हे खरं, पण डोसही हलकाच होता. इंजेक्शनच्या पेनचं बूड फिरवून डोस ठरवताना टिकटिक वाजते, आणि सून ती टिकटिक मोजायला शिकली होती. या औषधानं वजनही उतरतं, म्हणून सुरुवातीला सासूबाईंच्या डोसातला थोडासा भाग तिनं आपल्या पोटात टोचला, तोही भाचीच्या लग्नापुरता. लग्नात जो तो विचारायला लागला, अगं, केलंस काय तू? मग अर्धा डोस झाला. आता पाऊण तिचा आणि पाव सासूबाईंचा, अशी वाटणी होती. स्वतःसाठी औषध मागावं तर नवऱ्याला कळलं असतं, आणि जिभेवर ताबा नाही म्हणून सुया टोचतेस, असं म्हणून तो हसला असता. सुई मात्र ती दर वेळी नवी लावत असे, आणि तेवढ्या एका गोष्टीचं तिला बरं वाटत असे.

“मळमळ? उलट्या? जेवण नकोसं वाटतं?”

“छे हो! कडकडून भूक लागते.” हे उत्तर तरी डॉक्टरांना आवडेल असं सासूबाईंना वाटलं.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. “एवढ्या डोसला भूक मरायला हवी, आजी. पोट सावकाश रिकामं होतं, साखर ताब्यात येते. एक तर औषध तुम्हाला लागू पडत नाही, नाहीतर तुम्ही त्याला पुरून उरताय.”

सुनेचा सकाळचा अर्धा टोस्ट अजून घशाशी होता. करपट ढेकर तिनं रुमालात दाबली.

“तुम्ही मात्र छान बारीक झालात,” डॉक्टर तिला म्हणाले.

“होणारच! माझ्यामागे धावून धावून वाळलीये पोर,” सासूबाई म्हणाल्या. “चार घास खाते न खाते तोच उठते. हिलाही एखादं टॉनिक लिहून द्या.”

डॉक्टरांचं लक्ष रिपोर्टात होतं. “हे पेन बंद करू. उद्यापासून इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ.”

बंद म्हटल्याबरोबर सुनेच्या मनात पहिला विचार आला, मग माझं काय? सासूबाईंचा विचारही आला, पण तो दुसरा आला. तिला स्वतःची इतकी किळस वाटली की कानांच्या पाळ्या तापल्या. सांगून टाकावं. डॉक्टर, यांना औषध पुरतं मिळालंच नाही. एवढंसं तर वाक्य.

“खाल्लं असेन,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “परवा नातीच्या बशीत बिस्किट उरलं होतं, ते खाल्लं. अर्धंच. आणि एकदा चहात साखर... नाही, ते मागच्या वर्षी.”

“अर्ध्या बिस्किटानं एवढी वाढत नाही, आजी.”

“मग आणखी खाल्लं असेन.”

सुनेनं ते वाक्य गिळलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली.

बाहेर येऊन सासूबाई बाकावर टेकल्या. सून उभ्याउभ्या चिठ्ठीची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

“अगं, खरं सांग. तू मला कधी लपून खाताना पाहिलंस?”

“नाही, आई.”

“मलाही आठवत नाही. तेच तर.” त्यांनी आवाज खाली आणला. “खाल्लेलं आठवेना म्हणजे डोकं चाललं म्हणायचं माझं. थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस हं, आईच्या काळजीनं जिवाला घोर लावून घेईल.”

“तुमचं डोकं अगदी ठिकाणावर आहे,” सून म्हणाली. “मीच...” तिला लाज वाटत होती, लाजेहून भीती जास्त वाटत होती, आणि त्या भीतीची पुन्हा लाज वाटत होती.

सासूबाईंना ते ऐकूच गेलं नाही. त्या पर्समध्ये हात घालून काहीतरी चाचपत होत्या. रुमाल निघाला, चष्म्याचं घर निघालं, मग एक लहानशी किल्ली निघाली. त्यांच्या खोलीतल्या कपाटाची. नातवंडं शाळेतून आली की दप्तरासकट त्या कपाटापुढे उभी राहायची. चॉकलेटं, बिस्किटांचे पुडे, सगळं त्यात. ती किल्ली घरात आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नव्हती.

“ठेव तुझ्याकडे. पोरांना आता तूच देत जा.”

“असू द्या ना, आई.”

“घे म्हणते ना. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही.” त्यांनी किल्ली सुनेच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हातानं मिटली. “आणि मी मागितली तरी देऊ नकोस हं. रडले तरी.”