केफाला वाढलेलं ताट

"आत ये की अझूर, बाटणार नाहीस," शिमोन मेव्हण्याला म्हणाला.

अझूर दाराबाहेरच थांबला होता, अंगरख्याचं टोक नाकाशी दाबून. "बाटायचं राहू दे, आधी जीव राहिला पाहिजे. शलोमित, गाठोडं बांध. वडीलमंडळींना विचारून आलोय. कातडी कमावणाऱ्याच्या बायकोला वास सोसवत नसेल तर ती मोकळी. लग्नाआधी हो म्हणाली असली तरी."

शलोमितनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. गाठोडं बांधलेलंच होतं.

त्या घराचं नाव काढलं की यापो गावातला माणूस थुंकायचा. आणि का थुंकू नये? अंगणात दोन हौद. एकात चुन्यात भिजणारी, केस सुटत आलेली कातडी. दुसऱ्यात कुत्र्याची विष्ठा कालवलेलं कोमट पाणी. शिमोन त्यात उघड्या पायांनी उतरून कातडी तुडवायचा. हात कितीही धुवा, भाकरीला तोच वास. लग्न झाल्यापासून त्या घरी कुणी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"आज नाही येत," शलोमित म्हणाली. "पाहुणा आलाय."

"इथं? नाक कापलेला आहे का?"

आतून केफा बाहेर आला. गालीलचा धिप्पाड कोळी, आता क्रुसावर चढवलेल्या आपल्या गुरूच्या नव्या पंथाचा पुढारी. गावातल्या चांगल्या चांगल्या घरांतून त्याला बोलावणी होती, पण त्यानं शिमोनच्याच घरी उतरायचं मागून घेतलं होतं.

अझूरनं त्याला ओळखलं. "अरे, हाच तो! गुरूला पकडून नेलं तेव्हा एका मोलकरणीला घाबरून म्हणाला, मी त्याला ओळखतच नाही. हा टिकतोय होय इथं?"

शिमोनच्या अंगाची आग झाली. केफा मात्र खाली बघत म्हणाला, "हो बाबा, तोच मी. वहिनी, वाढा."

शलोमित भावाकडे वळली. "परक्या माणसाला सोसलं तर मी राहीन. त्यानं ताट सरकवलं की त्याच दिवशी निघेन. जा आता."

शिमोननं हे ऐकलं आणि केफासाठी हौदापासून लांब चटई अंथरली.

केफा हौदाच्या कडेलाच बसला. मसुराची आमटी, भाकरी, कांदा. वाडगा भाकरीनं पुसून घेतला आणि आणखी मागितलं. मग उठला. "जरा प्रार्थना करून येतो," म्हणाला आणि समुद्राकडच्या खडकांमागे गेला.

हे रोजचंच झालं. जेवण झालं की केफा खडकांकडे. मागोमाग शलोमित भांडी घासायला किनाऱ्यावर. एवढा देवभोळा माणूस शिमोननं पाहिला नव्हता. इतकं जेवूनही त्याचा अंगरखा ढिला होत चालला होता. शिमोनला वाटलं, उपासतापास करत असेल गुपचूप.

शब्बाथचा, विसाव्याचा दिवस सरला आणि दुसऱ्या सकाळी अझूर पुन्हा आला. शलोमितनं गाठोडं सोडून कपडे दोरीवर टाकले होते.

"मी राहतेय," ती म्हणाली.

"या घाणीत?"

"घाणीत. तुला किळस येत असेल तर लांबून जा."

अझूर थुंकला आणि चालता झाला. शिमोन हौदाशी बसून पोरासारखा रडला. दुपारी त्यानं केफाला स्वतः वाढलं. केफानं तीन वेळा मागून घेतलं, बोटं चाटली आणि प्रार्थनेला गेला. शलोमितही भांडी घेऊन गेली.

शिमोनला राहवेना. ज्याच्यामुळे संसार वाचला त्याचे पाय तरी धरावेत म्हणून तोही खडकांकडे निघाला. वळणावर त्याला कण्हण्याचा आवाज आला.

केफा गुडघ्यांवर पडला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आमटी, भाकरी, सगळं खडकावर सांडलेलं. घासायची भांडी बाजूला तशीच पडली होती आणि शलोमित एका हातानं त्याचं कपाळ धरून दुसऱ्यानं पाठ चोळत होती.

"येऊ द्या, दादा, सगळं येऊ द्या," ती म्हणत होती. "कालच्यापेक्षा आज कितीतरी वेळ पोटात राहिलं."