एमेटची वीस काडतुसं

"घे, वीस आहेत." एमेटने काडतुसांची डबी लोवेलच्या टेबलावर ठेवली. "खास तुझ्या रायफलसाठी भरलीत. रविवारच्या नेमबाजीच्या सामन्याला हीच वापर."

लोवेलने डबीला हातही लावला नाही. दुसऱ्याने हाताने भरलेलं काडतूस म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश, असं तो क्लबातल्या प्रत्येक नव्या सभासदाला बजावत असे. आणि हा तर एमेट! क्लबाच्या भिंतीवरच्या विजेत्यांच्या पितळी पाटीवर सलग सहा वर्षं ह्याचंच नाव कोरलं गेलं होतं. त्याच पाटीवर, अगदी वर, लोवेलच्या वडिलांचं नाव होतं. लोवेलचं मात्र एकदाही नाही. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. ह्या वर्षी नाव लागलं नाही तर संपलंच.

"माझी रायफल तुला काय ठाऊक रे?" लोवेलने विचारलं.

एमेटने कॉफीचा मग उचलला. हात असा थरथरला की निम्मी कॉफी पँटवर सांडली.

"म्हातारा झालो, लेका," तो हसला. "चार झाडून तर बघ."

"भीक नकोय मला."

एमेट पँट झटकत निघून गेला. डबी तिथेच राहिली.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून झाडायची, म्हणजे हात थरथरला तरी चालतं. सगळी करामत काडतुसात. ती ह्या माणसाला साधते आणि आपल्याला नाही, ह्या विचाराने लोवेलचा नुसता जळफळाट व्हायचा. कामात तो काय कमी होता? काडतुसाची पुंगळी न् पुंगळी मोजून घ्यायचा. बंदुकीची दारू कमीतून सुरू करून कणाकणाने चढवायचा, दर बार उडाल्यावर पुंगळीचं पितळ तपासायचा. दहा दिवस गहू पोचवायला गेला होता तेवढेच, नाहीतर उन्हाळाभर त्याने दुसरं काही केलं नव्हतं. परत आला तेव्हा रायफलची नळी आरशासारखी लख्ख होती. जाताना इतकी पुसली होती का आपण? असेल बुवा.

शेवटी राहवेना. त्याने एमेटचं एक काडतूस उघडलं आणि आतली दारू वजनकाट्यावर ओतली.

त्याच्या स्वतःच्या मापापेक्षा चांगलीच कमी!

"हरामखोर!" तो ओरडला. "हलकी काडतुसं देऊन मलाच हरवायला निघालाय!"

कमी दारूवरच काही नळ्या जास्त नेमक्या चालतात, हे तो एरवी लोकांना शिकवायचा. पण आज डोक्यात एमेट होता. त्याने उरलेली एकोणीस काडतुसंही उघडली आणि सगळी दारू बाहेर टोमॅटोच्या आळ्यात फेकली. खत म्हणून टाकतातच लोक.

स्वयंपाकघराच्या खिडकीत सिग्रिड, त्याची बायको, बरण्या पुसत उभी होती. जंगली चेरीचा जॅम कालच झाला होता.

"काय टाकलंस रे?"

"एमेटची मेहरबानी. म्हणे खास माझ्यासाठी भरलीत!"

"सगळी?"

"सगळी. तुला काय करायचंय? हा काय जॅम आहे?"

हे वाक्य तिने पूर्वीही ऐकलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, तेव्हा तिने विचारलं होतं, मी दारू तोलून देऊ का? तेव्हाही तो असाच हसला होता. "बाई गं, हा जॅम नव्हे. चार कण जास्त पडले तर माझं थोबाड उडेल." पुन्हा तिने कधी विचारलं नाही. ती दर गुरुवारी चर्चच्या गोधडी मंडळात जायची, बोटांची टोकं काळी करून यायची. शिवणयंत्राचं तेल, म्हणायची. तो कशाला खोलात शिरतोय!

तिने हातातली बरणी ठेवली आणि बराच वेळ टोमॅटोकडे पाहत राहिली.

रविवारी लोवेलने स्वतःचीच काडतुसं झाडली. पाचातली चार भोकं एकात एक गेली. पाचवं जवाएवढं बाहेर. एमेटच्या कागदावर पाचही गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं.

"एमेट!" पुकारा झाला. टाळ्या पडल्या. पाटीवर सातव्यांदा तेच नाव.

खाण्याच्या पदार्थांच्या टेबलाशी उभ्या सिग्रिडने टाळी वाजवली नाही. ती लोवेलकडेच पाहत होती. त्याला तेवढंच बरं वाटलं.

सगळे एमेटभोवती गोळा झाले, तेव्हा लोवेल एमेटच्या गाडीपाशी गेला. पुढच्या सीटवर हिरवी वही पडलेली होती. प्रत्येक काडतुसाचा हिशोब असाच वहीत लिहून ठेवतात. आणि ती वही कोणी कुणाला दाखवत नाही. लोवेल आयुष्यात पहिल्यांदाच चोरी करत होता, पण त्याला लाज वाटली नाही. एकदा कळू दे तर खरं, ह्या थरथऱ्याच्या हातात काय जादू आहे!

त्याने वही उघडली. अक्षर बारीक, गोल, एका ओळीत. कुठे म्हणून रेघ थरथरलेली नव्हती. आणि प्रत्येक सातच्या आकड्याच्या पोटातून एक आडवी रेघ.

असा सात त्याने सकाळीच पाहिला होता. नाश्त्याला, जॅमच्या बरणीवर, सिग्रिडने लिहिलेल्या चिठ्ठीत.

त्याने भराभर पानं उलटली. सहा-सात वर्षांची पानं, सगळ्या तारखा गुरुवारच्या. फक्त शेवटचं पान निराळं होतं. त्यावर मथळा होता: "लोवेलची रायफल. १७ ऑगस्ट. तो गहू घेऊन गेलाय." खाली टार्गेटचा तुकडा चिकटवलेला होता. पाच गोळ्या, एकच भोक. आणि त्याखाली लिहिलं होतं:

"एमेट, तूच भरलीस म्हणून दे. माझं नाव कळलं तर तो हात लावायचा नाही."